आवाज त्यांचा, वही कुणाची? 'मेटलहेड्झ'च्या तीस वर्षांचा हिशेब

ऑक्टोबर २०२४ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक या जगातल्या सर्वांत मोठ्या संगीत कंपनीने 'पियास' ही युरोपातली नावाजलेली स्वतंत्र कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली. ४९ टक्के हिस्सा तिने २०२२ मध्येच उचलला होता. त्यानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर २०२४ मध्ये, युनिव्हर्सलच्याच व्हर्जिन म्युझिक ग्रुपने 'डाउनटाउन' ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर केला. डाउनटाउनचे नाव सामान्य श्रोत्याने ऐकलेले नसते. तिचे काम पडद्यामागचे आहे. छोट्या लेबलांची आणि एकट्याने काम करणाऱ्या कलाकारांची गाणी जगभरच्या ॲपवर पोचवायची आणि त्यांच्या रॉयल्टीचा हिशेब ठेवायचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने या व्यवहाराची सखोल चौकशी सुरू केली. आयोगाची शंका मोठी बोलकी आहे. डाउनटाउनकडे तेव्हा 'कर्व्ह' नावाची रॉयल्टीचा हिशेब करणारी यंत्रणा होती आणि ती युनिव्हर्सलचे प्रतिस्पर्धीही वापरत. व्यवहार झाला तर त्यांची धंद्यातली गुप्त माहिती युनिव्हर्सलच्या हाती लागेल का, हा आयोगाचा प्रश्न होता.

म्हणजे वाद गाण्यांचा नाही, वहीचा आहे.

आम्ही संगीताची परीक्षणे देत नाही. पण वस्तीतून निघालेली कला शेवटी कुणाच्या नावावर चढते, हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही. म्हणून या बातमीकडे आम्ही एका छोट्या लेबलाच्या बाजूने पाहणार आहोत. लेबल लंडनचे आहे. नाव मेटलहेड्झ. स्थापना १९९४. हेडफोन लावलेली कवटी हे त्याचे बोधचिन्ह. संगीताचा प्रकार ड्रम अँड बेस.

हे संगीत ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिनिटाला १६० ते १८० ठोक्यांच्या वेगाने तुटक-तुटक पळणारा ड्रमचा ताल, आणि त्याच्या खाली निम्म्या वेगाने चालणारा, कानाच्या आधी छातीला कळणारा खर्ज. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून गेलेल्या माणसाला त्या दणक्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. हा खर्ज जमैकातून ब्रिटनमध्ये मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांच्या साउंड सिस्टिमचा वारसा आहे. ताल अमेरिकेतल्या जुन्या सोल आणि फंकच्या तबकड्यांतून कापून घेतलेला. नव्वदीच्या सुरुवातीला लंडन, ब्रिस्टल, कॉव्हेंट्री, वुल्व्हरहॅम्प्टन अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कामगारांच्या मुलांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या. आधी त्याला 'जंगल' म्हणत. पुढे 'ड्रम अँड बेस' हे नाव रुळले. आमच्या मते नावातला हा बदल निव्वळ संगीताचा नव्हता. 'जंगल' म्हटले की वर्तमानपत्रांना काळी पोरे, अमली पदार्थ आणि मारामाऱ्या दिसत. 'ड्रम अँड बेस' म्हटले की त्याच संगीताला कलेच्या पानावर जागा मिळे.

सरकारलाही हे ठोके खटकत होते. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने उघड्यावरच्या नाच-मेळाव्यांवर पोलिसांना नवे अधिकार दिले आणि कायद्याच्या मजकुरात संगीताची व्याख्या करताना चक्क 'पुनरावृत्त ठोक्यां'चा उल्लेख आला. एखाद्या देशाच्या संसदेने तालाची व्याख्या करायला बसावे, हे आम्हाला अजूनही नवलाचे वाटते. मेटलहेड्झ निघाले ते याच वर्षी.

सात सेकंदांची मजुरी

लेबलाकडे वळण्याआधी त्याच्या पायाखाली काय होते ते पाहायला हवे.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या बँडची एक तबकडी निघाली. पुढच्या बाजूला 'कलर हिम फादर' हे गाणे होते. ते गाजले, त्याला ग्रॅमीही मिळाले. मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची वाद्यरचना होती. तिच्यात मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हे ड्रमवादक चार आवर्तने एकटे वाजवतात. अवघी सहा-सात सेकंद. वीस वर्षांनी ही सहा-सात सेकंद सॅम्पलर नावाच्या यंत्रात शिरली. तेव्हाच्या सॅम्पलरमध्ये मोजक्याच सेकंदांचा आवाज मावायचा, त्यामुळे असा उघडा, एकटा ड्रम म्हणजे सोन्याची खाण होती. मुलांनी तो कापला, वेग वाढवला, ठोक्यांची अदलाबदल केली. आज हजारो गाण्यांत तो तुकडा आहे. जंगल आणि ड्रम अँड बेस तर त्याच्यावरच उभे आहे, आणि मेटलहेड्झच्या सुरुवातीच्या तबकड्यांतही तो वाजतो.

कोलमन यांना त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात ते बेघर आणि कफल्लक होते, असे बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनी सांगितले होते. स्पेन्सर यांच्याकडे त्या रचनेचे हक्क होते. पण ब्रिटनमध्ये काय चालले आहे हे त्यांना कळेपर्यंत कायदेशीर दाव्याची मुदत उलटून गेली होती. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या डीजेंनी आणि चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढून त्यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल आम्हाला शंका नाही. पण ती वर्गणी होती, मजुरी नव्हे. २०२० मध्ये स्पेन्सरही गेले.

याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवून पाहावे. पूर्व लंडनच्या हॅकनी भागातून पीजे आणि स्मायली हे दोन कृष्णवर्णीय तरुण 'शट अप अँड डान्स' नावाचे लेबल चालवत. जंगलच्या आधीचा हा सर्वांत धाडसी स्वतंत्र प्रयोग. १९९२ मध्ये त्यांच्या 'रेव्हिंग आय अॅम रेव्हिंग' या गाण्याने ब्रिटनच्या यादीत दुसरा क्रमांक गाठला. चाल मार्क कोन या अमेरिकी गायकाच्या 'वॉकिंग इन मेम्फिस'वरून घेतलेली होती आणि परवानगी नव्हती. कायदा लगेच जागा झाला. गाण्याचे उत्पन्न धर्मादाय कामाला द्यावे लागले, आणि सॅम्पलच्या दाव्यांनी त्या लेबलाचा कणाच मोडला.

चूक दोन्हीकडे तीच होती, विनापरवाना घेणे. एका बाजूला मागे प्रकाशन कंपनी उभी होती, दुसऱ्या बाजूला जागा भरायला वाजवलेला ड्रम होता. स्वतंत्र लेबलांचे कौतुक करताना आमच्याकडून हा भाग सुटू नये. ज्यांना आपण वंचितांचे व्यासपीठ म्हणतो त्यांचे घरही दुसऱ्या एका वंचिताच्या बुडालेल्या मजुरीवर उभे राहू शकते.

तिघांचे लेबल

मेटलहेड्झचा उल्लेख बहुतेक ठिकाणी 'गोल्डीचे लेबल' असा होतो. ते अर्धे खरे आहे. स्थापना तिघांनी केली: गोल्डी, केमिस्ट्री आणि स्टॉर्म.

गोल्डीचे खरे नाव क्लिफर्ड प्राइस. जन्म १९६५, वॉल्सॉल या कारखान्यांच्या गावचा. वडील जमैकन, आई स्कॉटिश. बालपण सरकारी बालगृहांत आणि परक्या कुटुंबांत गेले. तरुणपणी वुल्व्हरहॅम्प्टनच्या भिंतींवर स्प्रेने चित्रे काढणारा म्हणून तो ओळखला गेला आणि १९८७ च्या 'बॉम्बिन' या माहितीपटात दिसला. पुढे अमेरिकेत गेला, मायामीत सोन्याचे दात बनवून विकले. परत आला तेव्हा स्वतःच्या तोंडातही सोने होते. संगीताचे शिक्षण शून्य.

त्याला या संगीताकडे नेले ते केमिस्ट्रीने. केमी ओलुसान्या ही नायजेरियन वंशाची, बर्मिंगहॅमची मुलगी. तिची मैत्रीण जेन कॉनीली म्हणजे स्टॉर्म. दोघी लंडनमध्ये एकत्र राहत आणि घरीच टर्नटेबलवर तासन् तास सराव करत. 'हेवन' क्लबमधल्या 'रेज' नावाच्या साप्ताहिक रात्री फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोन डीजे वाजवत, तिथे त्यांनी गोल्डीला नेले. त्या रात्रींनी त्याचे आयुष्य बदलले, हे गोल्डीने स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्यानंतर तो 'रीइन्फोर्स्ड' या लेबलाच्या डेगो आणि मार्क मॅक यांच्याकडे जाऊन बसू लागला. चित्रकाराची नजर होती, यंत्रांचे ज्ञान त्यांच्याकडून घेतले. १९९२ मधली त्याची 'टर्मिनेटर' ही रचना आजही ऐकावी. टेप वेगाने फिरवली की आवाज चिरका होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे ड्रमचा स्वर वर-खाली होतो, पण वेग हलत नाही. त्या काळी ऐकणाऱ्यांना जमीन सरकल्यासारखे वाटले असणार.

१९९४ मध्ये लेबल निघाले तेव्हा नाव आणि चेहरा गोल्डीचा होता. रोजचे काम सुरुवातीच्या वर्षांत केमिस्ट्री आणि स्टॉर्मच्या हाती होते. फोन घेणे, तबकड्या डीजेंपर्यंत पोचवणे, कोणत्या तरुणाने नवे काय केले आहे ते ऐकणे, रुसलेल्यांची समजूत काढणे. शिवाय आठवड्याच्या शेवटी दोघी गावोगाव जाऊन वाजवत. पुरुषांनी भरलेल्या या क्षेत्रात दोन बायकांनी एकत्र, एकमेकींना टर्नटेबल देत-घेत वाजवणे ही तेव्हा जवळपास एकमेव गोष्ट होती. चळवळीत भाषण कुणी केले हे नोंदले जाते आणि सतरंज्या कुणी घातल्या हे राहून जाते. लेबलांचा इतिहासही याला अपवाद नाही.

झिजणारी तबकडी

या लेबलाचे अर्थकारण समजल्याशिवाय आजचा वाद समजणार नाही.

तरुण निर्माता आपल्या खोलीत अटारी संगणक, सॅम्पलर आणि मिक्सर यांवर गाणे तयार करायचा. ते डिजिटल टेपवर उतरवून तो उत्तर लंडनमधल्या 'म्युझिक हाउस' या ठिकाणी न्यायचा. तिथे त्याची 'डबप्लेट' कापली जाई. डबप्लेट म्हणजे लाखेसारखा मऊ थर दिलेली ॲल्युमिनियमची चकती. ती एकेकच निघते आणि काही आठवडे वाजवली की झिजून आवाज खरखरू लागतो. ही पद्धतही जमैकन साउंड सिस्टिमची. शुक्रवारी तिथे रांग लागे, आणि रांगेत उभे राहिलेले सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असत. शनिवारी ती चकती क्लबमध्ये वाजे. लोकांनी ओरडून गाणे मागे फिरवायला लावले तर ते पास झाले. मग महिनोन् महिने ते मोजक्या डीजेंकडेच फिरे आणि भूक वाढली की लेबल त्याची बारा इंची तबकडी काढी. 'कूल एफएम'सारखी विनापरवाना रेडिओ केंद्रे उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना लावून ती वाजवत. सोहोतल्या 'ब्लॅक मार्केट'सारख्या दुकानांत ती विकली जाई.

या साखळीत बँक नव्हती, मोठी कंपनी नव्हती, बीबीसी नव्हती. मात्र एक दुवा कच्चा होता, वितरक. तबकड्या छापायचा खर्च अनेकदा वितरकच करी, विक्रीतून तो आधी वळता करून घेई, न खपलेला माल परत करी आणि उरलेले पैसे महिन्यांनी देई. लेबल स्वतंत्र, पण वही वितरकाच्या टेबलावर. ही गोष्ट पुढे महागात पडणार होती.

१९९५ पासून हॉक्स्टन चौकातल्या 'ब्लू नोट' या क्लबच्या तळघरात मेटलहेड्झची रविवारची बैठक सुरू झाली. रविवारची संध्याकाळ म्हणजे क्लबच्या धंद्यातला पडीक वार. छत बुटके, घाम गळतोय, ध्वनियंत्रणा मात्र पोटात शिरणारी. ग्रूव्हरायडर, फॅबिओ, डॉक स्कॉट, पेशे, केमिस्ट्री आणि स्टॉर्म तिथे नव्या डबप्लेट वाजवत. फोटेक, डिलिंजा, सोर्स डायरेक्ट, जे मॅजिक, अॅलेक्स रीस ही नावे याच काळात लेबलावर आली. डेव्हिड बोवी आणि ब्यॉर्क हे जगप्रसिद्ध कलाकारही तिथे येऊन उभे राहत. हॉक्स्टन तेव्हा ओस पडलेल्या वखारी-कारखान्यांचा भाग होता. १९९८ च्या सुमारास तो क्लब त्या जागेतून गेला. २००० मध्ये त्याच चौकात 'व्हाइट क्यूब' ही महागडी कलादालनाची शाखा उघडली. ज्यांनी जागेला नाव मिळवून दिले त्यांना भाडे परवडेनासे होते. यावर वेगळा लेख होईल, इथे पुढे जाऊ.

सर्वांत मोठे काम लेबलाबाहेर

आता या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेटलहेड्झच्या माणसाने केलेला सर्वांत गाजलेला अल्बम मेटलहेड्झच्या मालकीच्या घरातून निघाला नाही.

१९९५ चा 'टाइमलेस' हा गोल्डीचा अल्बम 'एफएफआरआर'ने काढला. ते लंडन रेकॉर्ड्सचे उपलेबल, आणि लंडन तेव्हा पॉलिग्राम या महाकाय कंपनीच्या छत्राखाली. पहिली रचना २१ मिनिटांची. डायन शार्लमेन यांचा आवाज, ध्वनियंत्रणेवर 'मूव्हिंग शॅडो' या दुसऱ्या स्वतंत्र लेबलाचा रॉब प्लेफर्ड. शहरातल्या इमारतींच्या जंगलात घुसमटलेल्या माणसाचे हे संगीत ब्रिटनच्या अल्बम यादीत सातव्या क्रमांकावर गेले. पुढे लंडन रेकॉर्ड्स वॉर्नरकडे गेले. २०१७ मध्ये ते फ्रान्सच्या 'बिकॉज' या कंपनीने घेतले. अल्बमला २५ वर्षे झाली तेव्हा निघालेल्या नव्या आवृत्तीवर लंडनचेच नाव होते. बालगृहात वाढलेल्या मुलाच्या आठवणींचे हे संगीत एका ताळेबंदातून दुसऱ्या ताळेबंदात असे फिरत राहिले.

हा गोल्डीने केलेला दगा होता का? आम्हाला तसे वाटत नाही. झिजणाऱ्या डबप्लेटच्या अर्थकारणात तासाभराहून लांब अल्बम, गायिका, स्टुडिओतले महिने बसत नव्हते. ज्याच्याकडे वडिलोपार्जित काहीच नाही त्याने आगाऊ रकमेला नाही म्हणावे, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. पण त्या काराराची किंमत काय होती, हेही सांगितले पाहिजे.

तो एकटाही नव्हता. फोटेक आणि सोर्स डायरेक्ट व्हर्जिनच्या 'सायन्स'कडे गेले, अॅलेक्स रीस आयलंडकडे. ब्रिस्टलच्या रॉनी साइझने 'फुल सायकल' हे स्वतःचे लेबल हाताशी असताना 'न्यू फॉर्म्स' हा अल्बम 'टॉकिंग लाउड'मधून काढला आणि १९९७ चा मर्क्युरी पुरस्कार मिळवला. तेही पॉलिग्रामचेच घर. दोन-तीन वर्षे सगळ्या मोठ्या कंपन्यांना आपापला एक ड्रम अँड बेसवाला हवा होता. १९९८ मध्ये गोल्डीचा 'सॅटर्न्झ रिटर्न' आला. त्यातली 'मदर' ही एकच रचना तासाभराची. बोवी आणि नोएल गॅलॅगरही त्यात होते. समीक्षकांनी तो अल्बम झोडला. दशक संपता संपता 'यूके गराज' ही नवी लाट आली, कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि वृत्तपत्रांनी ड्रम अँड बेसचा मृत्युलेखही लिहिला.

मेले काहीच नव्हते. मोठ्या कंपन्या गेल्यावर जी लेबले स्वतःच्या तबकड्या स्वतः काढत होती ती तशीच काढत राहिली. गोल्डीचा अल्बम पॉलिग्रामच्या घरात होता, पण मेटलहेड्झ हे लेबल विकलेले नव्हते. एवढ्या एका फरकावर ते तगले.

दुःख मात्र वेगळ्या वाटेने आले. जानेवारी १९९९ मध्ये केमिस्ट्री आणि स्टॉर्मचा 'डीजे-किक्स' हा मिक्स अल्बम निघाला. या दोघींचे काम जगासमोर आणणारी ती मोठी संधी होती. २५ एप्रिल १९९९ च्या पहाटे एका कार्यक्रमावरून परतताना, पुढच्या वाहनाच्या चाकाने रस्त्यात बसवलेला परावर्तक उखडला आणि तो काच फोडून आत आला. त्यात केमिस्ट्रीचा मृत्यू झाला. स्टॉर्म आजही वाजवते. तिच्या प्रत्येक मुलाखतीत केमीचे नाव येते, आणि ते येते म्हणूनच 'गोल्डीचे लेबल' हे वाक्य आता थोडे अडखळत लिहिले जाते.

तगणे म्हणजे काय

पुढची पंधरा वर्षे बाहेरून कंटाळवाणी दिसतात. गोल्डी सिनेमात गेला, बाँडपटात दिसला, दूरदर्शन मालिकेत काम केले, २०१६ च्या नववर्ष यादीत एमबीई हा किताब मिळवला, थायलंडला जाऊन राहिला. लेबलाचा गाडा अँट टीसी१ या नावाने वाजवणाऱ्या व्यवस्थापकाने हाकला. २००७ मध्ये 'कॉमिक्स'चा 'कॉल टू माइंड' हा अल्बम आला. लेबल नव्या पिढीचे झाले ते त्यानंतर, असे आमचे मत.

दरम्यान तो कच्चा दुवा तुटला. डिसेंबर २००८ मध्ये 'पिनॅकल' हा ब्रिटनमधला मोठा स्वतंत्र वितरक दिवाळखोरीत गेला. शेकडो छोट्या लेबलांचा माल गोदामात आणि विक्रीचे पैसे हिशेबात अडकले. गाणी त्यांची, तबकड्या त्यांच्या. पण वही दुसऱ्याकडे असल्याने रांगेत धनकोंच्या मागे उभे राहायची पाळी आली. अनेक लेबले त्यातून उठली नाहीत.

मालकी टिकवणे हाच एक मार्ग सगळ्यांनी निवडला असेही नाही. १९९२ मध्ये अँडी सी आणि अँट माइल्स यांनी सुरू केलेले 'रॅम' हे या क्षेत्रातले बलाढ्य लेबल २०१६ मध्ये बीएमजीने घेतले. पंचवीस वर्षे राबल्यावर एखाद्याने आपल्या श्रमाची किंमत रोखीत घ्यावी, यात आम्हाला गैर दिसत नाही. फक्त त्यानंतर त्याला 'स्वतंत्र' म्हणू नये.

आज प्रश्न अधिक बारीक झाला आहे. तबकडी नाही, दुकान नाही, सगळे ॲपवर. २०२४ च्या सुरुवातीपासून स्पॉटिफायने नियम केला की मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान १,००० वेळा ऐकले गेले नाही तर त्याची रॉयल्टी मिळणार नाही. कंपनीचे म्हणणे असे की ही रक्कम इतकी क्षुल्लक असते की ती कलाकारापर्यंत पोचतच नाही. एका गाण्यापुरते ते खरेही असेल. पण तीस वर्षे जुन्या लेबलाच्या कपाटात शेकडो गाणी असतात. त्यातली मूठभर चालतात आणि बाकीची मागच्या बाजूची असतात. त्या प्रत्येकाचे चार-दोन आणे मिळून कपाट राखले जाते. हे पैसे नाहीसे होत नाहीत, ते जास्त चालणाऱ्या गाण्यांच्या वाट्याला जातात. आणि मागच्या बाजूचे काय होऊ शकते, ते 'आमेन, ब्रदर'ने दाखवलेच आहे. १९७५ साली असा नियम असता तर त्या सात सेकंदांची किंमत शून्य ठरली असती. अर्थात कोलमन यांना तसाही काही फरक पडला नसता.

पर्याय म्हणून छोटी लेबले 'बँडकॅम्प'कडे गेली. तिथे श्रोता थेट गाणे विकत घेतो आणि मोठा वाटा लेबलाला मिळतो. कोरोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्पने स्वतःचा वाटाही सोडला. अनेकांची चूल त्यावर पेटली. २०२२ मध्ये 'एपिक गेम्स'ने बँडकॅम्प घेतले. वर्ष-दीड वर्षात, २०२३ मध्ये, ते 'साँगट्रेडर'ला विकून टाकले, आणि सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना नव्या मालकाने घेतलेच नाही. लेबल स्वतंत्र राहिले तरी ज्या दुकानात ते बसते ते दुकान रात्रीत दुसऱ्याचे होते.

म्हणूनच डाउनटाउनची चौकशी आम्हाला महत्त्वाची वाटते. मोठ्या कंपनीला आता मेटलहेड्झसारखे लेबल विकत घेण्याची गरजच उरत नाही. कोणते गाणे कुठे चालते, कुणाचा करार कधी संपतो, कुणाला किती टक्के मिळतात, हे दिसले की पुरे. १९९५ मध्ये गोल्डीपर्यंत पोचायला कंपनीच्या माणसाला हॉक्स्टनच्या तळघरात उतरावे लागले होते.

आणि हे सगळे चालू असताना संगीत पुन्हा ऐन भरात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केन्या ग्रेसचे 'स्ट्रेंजर्स' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, त्यात ड्रम अँड बेसचाच ताल आहे. जमैकन वारसा असलेली, ब्रॅडफर्डची निआ आर्काइव्ह्ज जुन्या जंगलला नव्या पोरींपर्यंत घेऊन गेली. ब्रिटनच्या कृष्णवर्णीय संगीताचा गौरव करणाऱ्या 'मोबो' पुरस्कारांत या संगीताला स्वतंत्र विभागच उरला नव्हता. तिने आयोजकांना उघड पत्र लिहून तो मागितला. २०२२ मध्ये विभाग परत आला आणि पुरस्कार तिलाच मिळाला. हे संगीत काळ्या माणसांनी घडवले, एवढे वाक्य अधिकृतपणे परत लिहून घ्यायला एका विशीतल्या मुलीला पत्र पाठवावे लागले.

तिचा पहिला अल्बम 'सायलेन्स इज लाउड' एप्रिल २०२४ मध्ये निघाला आणि त्या वर्षीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत आला. तो तिच्या स्वतःच्या 'हिजिंक्स' या लेबलाच्या नावाने निघाला आहे. सोबत दुसरे नाव आहे आयलंडचे. आयलंड हे युनिव्हर्सलच्या घरातले लेबल आहे.